न बुडालेली मोटर

पंचगंगा नदी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांकडे सरकू लागली, की उचगावच्या चहाच्या टपरीवर नदीकाठी शेत असणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो : ‘मोटर काढली काय?’ 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. मग ट्रॅक्टर, साखळी, चार माणसं आणि गुडघाभर चिखल. मोटर वर आली तर वाचली. बुडाली तर रिवाइंडिंगचा खर्च. 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, 2021 मध्ये पाणी 56 फुटांवर चढलं. काढायला उशीर झाला त्यांच्या मोटरी खालीच राहिल्या.

हवामान बदलाशी जुळवून घेताना निर्णय आणि पैसा स्थानिकांच्या हाती असावा, अशी आठ तत्त्वं 2021 च्या जानेवारीत जगापुढे मांडली गेली. तत्त्वं चांगलीच आहेत. पण रुळावरून वर ओढता येईल असा मोटरीचा पाया बांधायला कर्ज मागितलं, तर ते बसवायचं कुठल्या रकान्यात? पीककर्ज एकरी ठरतं, म्हशीला कर्ज मिळतं, बुडालेल्याचा पंचनामा होतो. न बुडालेल्या मोटरीचा पंचनामा कोण करणार?

टळलेलं नुकसान हिशेबात धरायचं कसं, हा प्रश्न मला मुळात बिझनेस स्कूलचा वाटतो. माणदेशात तो वेगळ्या वाटेनं सुटत गेला. बँक काढायला निघालेल्या म्हसवडच्या बायकांचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करायला तयार झाल्या. 1997 मध्ये चेतना सिन्हांच्या पुढाकारानं माणदेशी बँक उभी राहिली, 2006 मध्ये ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल. दुष्काळात शेळी कधी विकायची नि कधी राखायची, हे त्या बायकांना कुणी शिकवायला नको होतं. उणीव होती ती त्या शहाणपणाला कर्ज देणाऱ्या खिडकीची.

कोल्हापुरात ‘सायबर’ हे बिझनेस स्कूल 1976 पासून आहे. कॉलेज म्हणजे बँक नव्हे. पैसा गावची विकास सेवा संस्था आणि जिल्हा बँक यांच्याकडूनच यायचा. पण त्यांच्यापुढे ठेवायचा कागद, म्हणजे पाया किती रुपयांचा, रिवाइंडिंग किती वर्षांतून किती वेळा, हप्ता उसाच्या बिलातून कसा कापायचा, एमबीएची पोरं करू शकतात. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर मे महिन्यात नदीकाठी या. पाऊस लागल्यावर मोटरी काढायची धांदल असते. तेव्हा बोलायला कुणाला वेळ नसतो.