आवडीची लाज

मनुष्यास लाज कशाची वाटावी, याविषयीं नीतिशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ विवेचन सांपडतें. असत्य भाषणाची वाटावी, विश्वासघाताची वाटावी, दुर्बळास छळल्याची वाटावी, हें सर्वमान्य आहे. परंतु सुशिक्षित गृहस्थाच्या प्रत्यक्ष आयुष्याकडे पाहिलें, तर असें आढळून येतें कीं, या मोठ्या अपराधांच्या लाजेपेक्षां एका क्षुल्लक गोष्टीची लाज तो अधिक काळजीनें जतन करीत असतो. आणि ती म्हणजे आपल्या आवडीची. प्राप्तीवरील कर कसा चुकविला, ही हकीकत चार मित्रांत हंसत सांगणारा गृहस्थ, आपणांस 'डिस्को डान्सर' मधलीं गाणीं आवडतात, ही गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीं.

हें लिहिणारे आम्ही त्याच वर्गांतील एक आहों, आणि प्रस्तुत लेख हा कांहीं अंशीं कबुलीजबाब आहे, हें आधींच सांगून टाकतों.

आमचें मूळ गांव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई. हिरव्या मिरचीच्या बाजाराकरितां तें आज दूरवर ओळखलें जातें. हंगामांत तेथें पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि मालमोटारींस उभें राहावयास जागा मिळत नाहीं. आमच्या लहानपणीं त्या गांवीं गाणें म्हणजे मंडपाच्या बांबूस बांधलेल्या कर्ण्यांतून येणारें गाणें. 'डिस्को डान्सर' १९८२ सालीं निघाला. त्यांतील बप्पी लाहिरी यांचीं गाणीं त्या कर्ण्यांतूनच आमच्यापर्यंत पोंचलीं. डिस्को म्हणजे काय, हें सांगणारा आमच्या आळींत कोणी नव्हता. आणि सांगण्याची जरुरीही नव्हती. आम्ही व आमची धाकटी बहीण परसांत रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर त्या गाण्यांचा ठेका धरीत असूं. पुढें शिक्षणाकरितां औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, गेलों. मिल्टन वाचला, भीमसेन जोशींच्या ध्वनिफिती विकत घेतल्या, आणि रॉकेलचा डबा विसरलों. निदान विसरलों असें सांगूं लागलों.

१९९६ सालीं त्या बहिणीचें लग्न ठरलें. आम्ही नुकतेच प्राध्यापक झालों होतों. तीन-चार सहकारी मुद्दाम शहरांतून आले. मंडपांत कर्णे लागलेले, आणि त्यांतून तींच डिस्कोचीं गाणीं चालू. आमचे एक सहकारी नुसते हंसले. त्या हंसण्यासरशीं आम्हांस मेल्याहून मेल्यासारखें झालें. आम्हीं उठून लाऊडस्पीकरवाल्याकडून तीं गाणीं बंद करविलीं आणि बिस्मिल्ला खां यांच्या सनईची फीत लावविली. सनई उत्तमच होती. तिचा कांहीं दोष नव्हता. परंतु तीं गाणीं बहिणीनें स्वतः निवडून, एका कागदावर क्रमवार लिहून दिलीं होतीं, हें आम्हांस ठाऊक होतें. ती हळदीच्या अंगानें आंत बसली होती. त्या दिवशीं ती कांहीं बोलली नाहीं, आणि पुढें कित्येक वर्षें बोलली नाहीं.

हलक्या समजल्या गेलेल्या आनंदाविषयीं सुशिक्षित मनुष्य साधारणपणें तीन युक्त्या योजतो. पहिली चोरीची: दार लावून ऐकावें, कोणी आलें कीं बंद करावें. दुसरी उपहासाची: चारचौघांत ऐकावें, परंतु आपण हें थट्टेनें ऐकत आहों असें ओठांच्या कोपऱ्यांनीं सुचवीत राहावें. तिसरी युक्ति पांडित्याची, आणि ती आम्हां प्राध्यापकांस विशेष प्रिय. त्या गाण्यांत समाजशास्त्रीय महत्त्व शोधावें, सोव्हिएत रशियांतही तो चित्रपट लोकांनीं डोक्यावर घेतला होता हें सांगावें, आणि आपण आनंद लुटीत नसून अभ्यास करीत आहों, असा देखावा करावा. तिन्ही युक्त्यांचें मूळ एकच. मला हें आवडतें, हें साधें वाक्य उच्चारावयाचें धैर्य नाहीं, म्हणून हा सर्व खटाटोप.

या लाजेचा एकदां राष्ट्रीय धोरण म्हणूनही प्रयोग झालेला आहे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते विद्वान होते आणि शास्त्रीय संगीतावर त्यांची खरी निष्ठा होती. त्यांच्या कारकीर्दींत त्या संगीतास आकाशवाणीवर जें मानाचें स्थान मिळालें, त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु त्याबरोबरच चित्रपटगीतांची तेथून जवळजवळ हकालपट्टी झाली. परिणाम काय झाला? लोक सुधारले नाहींत; त्यांनीं रेडिओची खुंटी फिरवून सिलोन केंद्र लावलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथें अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारीं रात्रीं घरोघरीं ऐकिली जाऊं लागली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत सरकारासच 'विविध भारती' सुरू करावी लागली. लाज लावून आवड मरत नाहीं, ती फक्त घर बदलते, एवढा बोध त्यापासून घेण्यास हरकत नाहीं.

आणि ज्यांचीं गाणीं हलकीं ठरविलीं गेलीं, ते हलक्या दर्जाचे कलावंत होते काय? पुणतांबे येथें १९१८ सालीं जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचें उदाहरण घ्या. १९४७ च्या 'शहनाई'मध्यें रविवारच्या भेटीचें एक उडत्या चालीचें गाणें त्यांनीं बसविलें, तें अनेकांस अगदीं थिल्लर वाटलें. १९५१ सालीं मास्टर भगवान यांच्या 'अलबेला'ला त्यांनीं जें संगीत दिलें, त्यांत पाश्चात्य नृत्याचे ठेके आणि गोव्याच्या वादकांचीं कर्णवाद्यें यांची रेलचेल आहे. १९५७ च्या 'आशा'मध्यें तर त्यांनीं किशोरकुमार यांच्याकडून अर्थहीन अक्षरांचें एक गाणें म्हणवून घेतलें, आणि अमेरिकेंतील रॉक अँड रोलचा झटका आपल्याकडील पोरासोरांच्या अंगांत आणून सोडला. त्याच हातांनीं १९५३ सालीं 'अनारकली' सजविली. आणि १९६३ च्या २७ जानेवारीस, चीनच्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ लताबाईंनीं दिल्लींत जें गीत म्हटलें, त्याची चालही याच गृहस्थाची. त्या गंभीर गीतामुळें तीं उडतीं गाणीं गंभीर होत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु एकाच माणसाच्या ठायीं दोन्ही सुखानें नांदूं शकतात, आणि त्यास त्यांत विरोध वाटत नाहीं, तर मग ऐकणाऱ्यासच तो कां वाटावा?

येथें कोणी सुज्ञ वाचक विचारील कीं, मग उच्च आणि नीच आनंद असा भेदच नाहीं काय? बेंथॅमनें तो नाकारला होता. सुखाचें माप सारखें असेल तर पोरखेळ आणि काव्य यांची योग्यता सारखीच, असें त्याचें म्हणणें. त्याचाच शिष्य जॉन स्टुअर्ट मिल यास तें पटलें नाहीं. दोन्ही प्रकारच्या सुखांचा अनुभव घेतलेल्या माणसांस विचारा. ते ज्यास वरचें म्हणतील तें वरचें, अशी कसोटी त्यानें सांगितली. आमचा कल मिलकडेच आहे. भीमसेनांचा तोडी आणि डिस्कोचें गाणें हीं दोन्ही सारखीं, असें आम्ही शपथेवरही म्हणणार नाहीं. पण मिलच्या कसोटीचा एक भाग सहसा ध्यानांत घेतला जात नाहीं. ती सर्वस्वीं साक्षीदारांच्या खरेपणावर उभी आहे. ज्यास दोन्ही आवडलें त्यानेंच जर एक आवड दडवून ठेवली, तर ती साक्ष खोटी. आणि सर्वच सुशिक्षित साक्षीदार असे खोटे बोलूं लागले, तर त्या निकालास किंमत कसली? फार काय, साक्षीदाराचा स्वतःवरचाही विश्वास उडतो. मैफलींत इतकीं वर्षें डोललेली आपली मान रागाच्या गोडीनें डोलत होती, कीं शेजारच्या खुर्चीच्या भीतीनें, हें त्याचें त्यासच सांगतां येत नाहीं. आम्हांस स्वतःस हा संशय आलेला आहे, आणि तो सुखाचा नाहीं.

टॉलस्टॉयनें आपल्या कलाविषयक ग्रंथांत एक आठवण दिली आहे. त्याची लग्न झालेली मुलगी माहेरीं आली असतां गांवच्या शेतकरणींनीं विळे-पत्रे वाजवीत, आरडाओरड करीत तिच्या स्वागताचें गाणें म्हटलें. आणि त्याच संध्याकाळीं एका नामांकित वादकानें बेथोव्हेनची एक रचना वाजवून दाखविली. टॉलस्टॉयनें निकाल दिला कीं, बायकांचें गाणें ही खरी कला आणि बेथोव्हेनची ती रचना हा फसलेला प्रयत्न. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. एकास उचलण्याकरितां दुसऱ्यास पाडणें, ही उलट्या बाजूची तीच लाज आहे. परंतु त्या दाढीवाल्या वृद्धास एक गोष्ट बरोबर दिसली होती: बायका कोणासाठीं गात होत्या, हें गाण्याच्या सुखांतून वगळतां येत नाहीं. लग्नघरच्या गाण्याची परीक्षा केवळ स्वरांवरून करणारा मनुष्य रसिक असेल, पण तो त्या लग्नास आलेला नसतो.

मग लाजेस कांहींच जागा नाहीं काय? आहे. ज्या आनंदाची किंमत दुसऱ्यास मोजावी लागते, त्याची लाज अवश्य वाटावी. एखाद्या गाण्यांत बाईची विटंबना असेल, एखाद्या जातीस हिणविलें असेल, आणि तेंच आपणांस गोड लागत असेल, तर चाल कितीही शास्त्रोक्त असो, आपल्या मनाची झडती घेतली पाहिजे. मध्यरात्रीं परीक्षेच्या मुलाच्या कानांशीं कर्णा लावणाऱ्यासही लाज वाटावी. मग त्यांतून भजन कां चालू असेना. म्हणजे लाजेचा संबंध दुसऱ्यास होणाऱ्या इजेशीं आहे, अभिरुचीच्या पायरीशीं नाहीं. १९९६ च्या त्या दिवशीं मंडपांत लाजिरवाणी गोष्ट घडली होती, यांत संशय नाहीं. फक्त ती कर्ण्यांतून आलेली नव्हती.

आमच्या म्हाताऱ्या आईस प्रवास झेपत नाहीं, म्हणून २०२४ सालीं भाचीचें लग्न आमच्याच गांवीं करावयाचें ठरलें. आदल्या दिवशीं बहीण हातांत कागद घेऊन आमच्यापुढें उभी राहिली आणि हंसत म्हणाली, "दादा, गाणीं कोणतीं लावूं तें आधींच सांग बाबा. नाहीं तर मागच्यासारखीं बंद करशील." अठ्ठावीस वर्षांनंतर तिनें प्रथमच तो विषय काढला होता. आम्हीं म्हटलें, "त्या दिवशीं मला गाण्यांची लाज वाटली होती." ती म्हणाली, "गाण्यांची नाहीं दादा. आमची वाटली होती तुला." आणि आंत पाहुण्यांचें बघावयास निघून गेली.

नीतिशास्त्राचे तास घेण्यांत आमची सारी हयात गेली. परंतु हा मुद्दा इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कधीं मांडतां आला नाहीं. आवड ही एकट्याची कधींच नसते. ती कोणा तरी बरोबर जडलेली असते. परसांतला डबा दोघांनीं वाजविलेला असतो. ती नाकारतांना आपण नुसतें गाणें नाकारीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कर्ण्यांच्या जागीं कपाटाएवढाले डी. जे. चे खोके होते, आणि आमच्या सांगण्यावरून त्यांतून 'डिस्को डान्सर' चालू होतें. त्या जुन्या सहकाऱ्यांपैकीं एक निवृत्त होऊन आतां शेजारींच राहतात. तेही आले होते. त्यांनीं आमच्याकडे वळून विचारलें, "हें कोणी लावलें?" आम्हीं म्हटलें, "आम्हीं. आम्हांस आवडतें." ते थोडा वेळ गप्प बसले, आणि मग, बहुधा नकळत, त्यांचा पाय ठेका धरूं लागला. बहीण मंडपाच्या दुसऱ्या टोकास होती. तिनें तें पाहिलें कीं नाहीं, हें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.