वहीतील नफा आणि धंद्याचे साध्य

धंदा कशासाठी करावयाचा, असा प्रश्न केला असता बहुतेक लोक ‘नफ्यासाठी’ असे उत्तर देतात. आणि ते इतके स्वाभाविक वाटते की, त्याची फोड करण्याची कोणास गरज भासत नाही. परंतु जमाखर्चाची वही बारकाईने वाचणाऱ्यास या उत्तराचा अपुरेपणा वहीतच आढळतो.

दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहावयाचा. एकाच्या नावे, तर दुसऱ्याच्या जमा. रोजकीर्दीतून नोंदी खतावणीत जातात व वर्षअखेर ताळेबंद होतो. या ताळेबंदात मालकाचे भांडवल देण्याच्या बाजूस मांडलेले असते. म्हणजे धंदा हा मालकाहून निराळा असून त्याचाही तो ऋणको आहे. तोट्याचा धक्का प्रथम मालकास बसतो, म्हणून त्याचा अधिकार मोठा, हे खरे. पण मोठा अधिकार म्हणजे एकमेव अधिकार असे होत नाही.

दारव्ह्याचेच उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग घातला. दारव्हा मोतीबाग हे त्यावरील एक स्थानक. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईस, व तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे पोचविणे हा उद्देश होता. मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबले. देशातील रेल्वे सरकारी झाल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. पुढे कापूस मोटारींवरून जाऊ लागला. ‘शकुंतला’ मात्र स्वस्त भाड्याच्या उतारूंसाठी धावत राहिली, आणि अखेर तीही थांबली.

कापसाचे भाडे, कोळसा, पगार यांना वहीत खाती असतात. कचेरीच्या तारखेस किंवा दवाखान्यात वेळेवर पोचलेल्या गरिबाचे खाते कोठे असते? कंपनीने जे साध्य ठरविले नव्हते, तेच गावकऱ्यांच्या लेखी त्या मार्गाचे सार्थक ठरले.

यावरून हिशेब तुच्छ ठरत नाही. रूळ व इंजिने झिजतात. त्या झिजेपोटी घसारा बाजूस न काढता जो नफा म्हणून वाटला जातो, तो वस्तुतः भांडवलाचाच लचका होय. सद्हेतूने चालविलेली संस्थादेखील हा नियम मोडून जगत नाही. लोकसेवेच्या नावाखाली वही अपुरी ठेवणारा उद्याच्या लोकांचीच सेवा बुडवितो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने संचालकांवर भागधारकांबरोबर कामगार, समाज व पर्यावरण यांच्या हिताचेही कर्तव्य घातले आहे. परंतु यांतील दोन हितांचा विरोध आला असता कोणते आधी, हे कायदा क्रमवार सांगत नाही, आणि ताळेबंदही सांगणार नाही. वही ही साक्षीदार आहे. तिची साक्ष खरी असलीच पाहिजे. निवाडा मात्र माणसानेच करावयाचा, आणि तो धंदा मांडण्यापूर्वी करावयाचा; कारण साध्य न ठरविता उघडलेल्या वहीत नफा हाच आपोआप साध्य होऊन बसतो.