आधी शिकायला जा

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये कोलकाता आणि जादवपूर अशा दोन्ही विद्यापीठांचे परिसर आहेत. ते उभे आहेत ती जमीन म्हणजे 1960च्या दशकात हुगळीतला गाळ टाकून बुजवलेली पाणथळ. न बुजलेली पाणथळ अजून पूर्वेला आहे. सेक्टर फाइव्हमधल्या संगणक कंपन्या मागे पडल्या की उथळ तळी दिसू लागतात. तिथले लोक त्यांना भेरी म्हणतात. अन्नव्यवस्था शाश्वत कशी करावी, हे शिकायचं असेल तर मला याहून चांगली जागा माहीत नाही.

भेरीत येतं ते शहराचं सांडपाणी. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ वाढतं. शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू जगतात आणि घाण कुजवतात. त्या पाण्यात तयार झालेलं खाद्य खाऊन रोहू, कटला, मृगळ पोसले जातात. किती सांडपाणी कधी आत घ्यायचं, हे मच्छीमार पाण्याचा रंग आणि वास पाहून ठरवतात. जरा जास्त झालं तर मासे गुदमरतात. काठाने जलपर्णी मुद्दाम राखलेली असते, कारण ती बांधाला लाटांचा मार बसू देत नाही आणि पाण्यातले जड धातूही शोषून घेते. आपल्याकडे तीच जलपर्णी नद्यांची डोकेदुखी झाली आहे! भेरीतून निघालेलं पाणी पुढे भातखाचरांत जातं.

ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंता 1980च्या दशकाच्या सुरुवातीला या सांडपाण्याचा माग काढत इथवर आले. शहराला मैलाशुद्धीकरण केंद्र हवं, असा विचार तेव्हाही होता. ते काम मच्छीमार आधीपासून करत होते, आणि वर शहराला मासेही पुरवत होते. घोष यांनी पुढचं आयुष्य ही पाणथळ समजून घेण्यात आणि वाचवण्यात घालवलं. हे ज्ञान मच्छीमारांचं आहे, असं ते आवर्जून सांगत. 2002 मध्ये सुमारे 12,500 हेक्टरच्या या क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. 2018 मध्ये घोष गेले. इमारतींचा रेटा मात्र थांबलेला नाही.

लोकांकडून असं शिकण्याची संधी महाराष्ट्रातही आहे. कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहायला जातात. बीजप्रक्रियेचं, माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक दाखवतात. हा उपक्रम मोलाचा आहे. पण त्यात दाखवणं जास्त आणि विचारणं कमी, असं मला वाटतं. खाडीकाठच्या खाजणात भात घेणारा कोकणातला शेतकरी, बियाणं घरी राखणारी आदिवासी बाई यांच्याजवळ बसून त्यांची रीत टिपून घेणं, ती का टिकली हे तपासणं, यालाही परीक्षेत गुण हवेत. गावात जाणाऱ्या मुलामुलींनो, पहिला आठवडा काही शिकवू नका. फक्त विचारा आणि लिहून घ्या.