एक गुणसूत्र जास्त

बाळ बारा दिवसांचं होतं. अंगानं इतकं सैल, की पाजायला घेतलं तरी दूध ओढतानाच दमून झोपी जायचं. उशाशी रिपोर्ट होता, डाऊन सिंड्रोमचा. घरातली माणसं एकमेकांची नजर चुकवत होती आणि ती माउली स्वतःलाच दोष देत होती. यात कुणाचीच चूक नसते हो! एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती, एवढंच. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. ग्रहणाचा किंवा आईच्या खाण्यापिण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

असं बाळ घरी आलं, तर आधी त्याच्या हृदयाची इको तपासणी करून घ्या. अशा जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि वेळेत कळला तर बहुतेकदा त्यावर उपचार होतात. थायरॉईड, कान, डोळेही तपासून घ्या. मग जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. मान धरणं, बसणं, बोलणं यासाठीचे व्यायाम तिथं शिकवतात. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे.

पण त्या माउलीला खरा धीर आला तो दुसऱ्या एका आईमुळे. ती आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तिलाही डाऊन सिंड्रोम. मुलीनं जीभ किंचित बाहेर काढून, अगदी मन लावून, बाळाच्या पायात मोजे चढवले.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर आज जा. सल्ला देऊ नका. बाळाला मांडीवर घ्या.