लेण्याच्या छपरावरची वस्ती

जोगेश्वरी पूर्वेला, ज्या देवीवरून उपनगराला नाव पडले तिचे ठाणे जमिनीच्या पातळीखाली आहे. वस्तीतून वाट काढत जायचे, खडकात खोदलेल्या पायऱ्या उतरायच्या आणि मग अंधारातून तो विस्तीर्ण मंडप हळूहळू डोळ्यांना दिसू लागतो. मधोमध चार दारांचा चौकोनी गाभारा, भोवती वीस खांब, गाभाऱ्यात देवीच्या पादुका. पूर्व-पश्चिम पसरलेले हे लेणे सुमारे अडीचशे फूट लांब आहे. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे घारापुरीच्या जरा आधी, धरला आहे. पाशुपत पंथाच्या या शैव लेण्यात लकुलीश आहे, सारीपाट खेळणारे शिवपार्वती आहेत, कैलास हलवणारा रावण आहे. घारापुरीत आपण डोळे भरून पाहतो तसा चौमुखी गाभारा त्याआधी इथे खोदला गेला होता.

घारापुरीला 1987 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. जोगेश्वरीतल्या मूर्ती मात्र इतक्या झिजल्या आहेत की अनेक ठिकाणी आकृती अंदाजानेच ओळखावी लागते. खडक मुळात भरभरीत, त्यात मुंबईचा पाऊस. आणि डोक्यावर घरे. लेण्याच्या माथ्यावर आणि कडेला वस्ती दाटली, तिचे सांडपाणी खडकात मुरू लागले. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हापासून चर्चा दोन टोकांवर अडकली आहे: एक म्हणतो वस्ती उठवा, दुसरा म्हणतो माणसांपुढे दगडांचे काय एवढे. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

पहिल्या भूमिकेचा शेवट कुठे होतो, हे दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन गावात दिसते. ओद नदीकाठच्या टेकडीवरचे हे मध्ययुगीन तटबंदीचे गाव. दुहेरी तट, बावन्न बुरूज. एकोणिसाव्या शतकात ते इतके मोडकळीला आले की 1849 मध्ये सरकारने तट पाडण्याचा हुकूम काढला. स्थानिक इतिहासकार क्रो-मेरव्हिएय आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी आवाज उठवला, हुकूम मागे घेतला गेला आणि 1853 पासून वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांनी डागडुजी हाती घेतली. ती झाली नसती तर आज तिथे काहीच उरले नसते, हे मान्य करायलाच हवे. पण त्या दोन तटांमधल्या पट्टीत गरिबांची, विणकरांची घरे दाटीने उभी होती. तट मूळ रूपात दिसावा म्हणून पुढल्या काही दशकांत ती सगळी काढली गेली. 1997 मध्ये कार्कासोन जागतिक वारसा झाले. आता दिवसभर तिथे पर्यटकांची रीघ असते आणि तटाच्या आत कायम राहणारी माणसे मूठभर उरली आहेत. गाव वाचले, गावपण गेले. ही किंमत मला फार मोठी वाटते.

जोगेश्वरीकडे कार्कासोनने गमावलेले अजून शिल्लक आहे. इथे पूजा थांबलेली नाही. नवरात्रात रांगा लागतात, गणपती-मारुती-दत्ताला हात जोडून माणसे कामावर जातात, उन्हाळ्यात म्हातारी माणसे मंडपाच्या गारव्याला टेकतात. चौदाशे-पंधराशे वर्षांच्या वास्तूचा स्वभाव तिच्या खांबांइतकाच या ये-जा करण्यात आहे. घारापुरी पाहायला जावे लागते. जोगेश्वरीत लेणे शेजारी आहे.

म्हणून प्रश्न नीट मांडला पाहिजे. माणसे इथे राहतात म्हणून लेणे झिजत नाही, त्यांच्या सांडपाण्याला बाहेर जायला वाट नाही म्हणून झिजते. या लेण्यासारख्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, ही अट 1992 च्या अधिसूचनेने आली आणि 2010 च्या दुरुस्तीने ती प्राचीन स्मारकांच्या कायद्यातच घातली गेली. हेतू चांगला. परिणाम असा की या पट्ट्यात पुनर्विकास अडतो आणि घरे आहेत त्या अवस्थेत राहतात. गळके नळ, उघडी गटारे तशीच. लेण्याला वाचवणारा नियमच लेण्यावर पाणी ओतणारी परिस्थिती गोठवून ठेवतो.

आणि तरीही मार्ग त्याच कायद्यात आहे. बांधकामाच्या व्याख्येतून त्याने गटारे, सांडपाण्याची कामे, सार्वजनिक शौचालये आणि पाणीपुरवठा स्पष्टपणे वगळले आहेत. इमारतीला बंदी आहे, गटाराला नाही. या तरतुदीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, याचे मला मनापासून दुःख होते. पालिकेने आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने एकत्र बसून माथ्यावरच्या प्रत्येक नळाचा आणि मोरीचा नकाशा करावा, बंदिस्त गटारे टाकून उतार लेण्याच्या चौकांपासून दूर वळवावा. हे काम मूर्तींच्या डागडुजीआधीचे आहे. वरून झिरपणे चालू असताना खाली केलेला कुठलाही उपचार टिकणार नाही.

काही घरे थेट छपरावर आहेत. त्यांच्या भाराचा आणि पाण्याचा प्रश्न गटाराने सुटणार नाही, ती हलवावीच लागतील. पण तिथली कुटुंबे शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायची नाहीत. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने, नवी घरे जोगेश्वरीतच द्यायची, देवीच्या पायऱ्यांपर्यंत चालत येता येईल एवढ्या अंतरावर.