माझी कातडी, त्याची कातडी

सातारा-सांगलीकडच्या माणसाला पोहता येतं, समुद्र येत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली आमची पिढी. मुटका मारायचा, सूर मारायचा, कृष्णेला पूर नसेल तेव्हा या काठावरून त्या काठाला जायचं. एवढ्या भांडवलावर आम्ही फोंडा घाट उतरतो आणि मालवणच्या पाण्यासमोर छाती काढून उभे राहतो. सेल्युलर जेल बघून झाल्यावर अंदमानच्या स्वराज द्वीपावरही हाच रुबाब असतो. मग तोंडात स्नॉर्केलची नळी धरून डोकं पाण्यात घातलं की कळतं, विहिरीनं आपल्याला दम रोखायला शिकवलंय आणि इथं तर श्वास चालू ठेवायचाय. रुबाब तिथंच संपतो. उरते ती भीती, आणि माझ्या बाबतीत ती जेलीफिशची.

या भीतीची मला लाज वाटत नाही. मालवणकडचे मच्छीमार ज्याला झार म्हणतात, त्या प्राण्याच्या शुंडकांवर हजारो दंशपेशी असतात. नुसत्या स्पर्शानं त्या फुटतात आणि विषारी तंतू कातडीत घुसतात. प्राणी मरून वाळूत पडलेला असला, तरी त्या काम करतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर ब्लू बॉटल आले तेव्हा दीडशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याच्या बातम्या होत्या. शास्त्रज्ञांच्या लेखी ब्लू बॉटल हा खरा जेलीफिशही नव्हे, अनेक जीवांची ती एक वसाहत आहे. ज्याला डसलं त्याला हा फरक सांगून काही उपयोग नाही, ते सोडा.

तर मी तयारी करतो. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा पोशाख घालतो. दंश झालाच तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, कारण गोड्या पाण्यानं न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चिकटलेली शुंडकं चिमट्यानं काढायची, मग सोसेल इतक्या गरम, म्हणजे ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा तास तरी बुडवून ठेवायचा. व्हिनेगर काही जातींवर चालतं, काहींवर उलटू शकतं. लघवीचा उपाय हा निव्वळ चावटपणा आहे. श्वास लागला, छातीत दुखलं, तर घरचा उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना. हे सगळं मला पाठ आहे. इथवर माझं मन स्वच्छ आहे.

अडचण पुढं सुरू होते. तो पोशाख माझ्या अंगावर असतो. माझा हात धरून पाण्यात घेऊन जाणारा जो पोरगा असतो, त्याच्या अंगावर विटका टी-शर्ट आणि हाफ चड्डी. मी पंधरा-वीस मिनिटं उतरणार, तो सकाळपासून दुपारपर्यंत, एकामागून एक पर्यटक घेऊन. झारांच्या बाबतीत मी त्याला जे विचारतो ते नीट ऐकलं तर काय असतं? ‘आज आहेत का?’ ‘कुठल्या बाजूला?’ ‘फार लागतं का?’ प्रत्येक प्रश्न माझ्या कातडीविषयी. त्याच्या पोटरीवरचे जुने वळ मी पाहिलेले असतात, त्यांच्याकडेही मी माहितीचा नमुना म्हणूनच पाहतो, की बरं, लागलं तर असं दिसतं.

तो सांगतो, ‘साहेब, आज झार आसत, उतरू नकात.’ आणि आमच्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘एवढ्या लांबनं आलोय, पैसं भरल्यात, काय हुतंय?’ हे वाक्य मी म्हणत नाही, एवढं समाधान मला आहे. पण ते कुणी म्हणावं, अशी माझी आतून इच्छा असते का? मनाला खडसावून विचारलं तर उत्तर ‘असते’ असंच येतं. हट्ट दुसऱ्यानं करावा, फायदा सगळ्यांना व्हावा आणि सभ्यपणा माझ्याकडे राहावा.

दुसऱ्याची कातडी पणाला लावायची म्हटलं की मला एक जुनी गोष्ट आठवते. १९६१ साली ऑस्ट्रेलियात जॅक बार्न्स नावाच्या डॉक्टरनं एका चिमुकल्या जेलीफिशचा दंश स्वतःला करून घेतला. न दिसणारा कोणता प्राणी माणसांना इतकं आजारी पाडतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यानं एका जीवरक्षकालाही दंश करवला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलालाही. तिघंही इस्पितळात गेले, सुदैवानं वाचले. मुलापाशी आलो की मला त्या माणसाचा संताप येतो. पण मग मनात येतं, त्याला निदान काय करतोय ते ठाऊक होतं. आपण आपल्याच घाबरलेल्या पोराला ‘उतर रे, मर्द आहेस ना’ म्हणून पाण्यात ढकलतो तेव्हा आपल्याला काय ठाऊक असतं? फोटो यायला हवा, एवढंच.

भीती खरी असली तरी ती योग्य जागी आहे का, हाही प्रश्न आहेच. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. आमच्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात जादा माणसं भरलेली बोट उलटून १७ जण बुडाले. त्या सांगली जिल्ह्यात राहणारा मी, बोटीत चढताना माणसं मोजत नाही, लाइफ जॅकेटचे बंद तपासत नाही, आणि झारांबद्दल मात्र चार वेळा विचारतो. जेलीफिशची भीती सांगायला रंजक आहे. बंद तपासण्यात रंजक काही नाही, म्हणून ते राहून जातं.

पाण्याखाली बघायचं असतं ते प्रवाळ. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, ते मोठ्या प्रमाणावर या प्रवाळांसाठी. दहावीच्या पुस्तकात प्राण्यांचे संघ पाठ केले होते, त्यातल्या निडारिया संघात जेलीफिश आणि प्रवाळ एकाच ओळीत होते. दोघांनाही शुंडकं, दोघांनाही दंशपेशी. म्हणजे ज्याला बघायला मी पैसे मोजतो आणि ज्याला टाळायला पोशाख घेतो, ते नात्यातले आहेत. फरक एवढाच की मालवणचं प्रवाळ मला डसत नाही, मग मी त्याच्यावर उभा राहतो. दमलो की पाय टेकायला खडक शोधतो, आणि तो खडक जिवंत आहे हे माहीत असूनही त्या क्षणी ‘एकदाच’ असं मनाला सांगतो. जे डसतं त्याचा मान राखायचा आणि जे डसत नाही त्यावर पाय द्यायचा, हा माझा स्वभाव पाण्याबाहेरही मला ओळखीचा आहे.

याच संघातला एक जीव आमच्या नद्यांतही सापडला होता. शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना सह्याद्रीतल्या भटकंतीत त्यांना सातारा जिल्ह्यात, वेण्णा आणि कोयनेच्या पाण्यात, गोड्या पाण्यातले जेलीफिश आढळले. तोवर जेलीफिशचा हा वंश फक्त आफ्रिकेत असतो असं मानलं जाई. १९१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याची नोंद आली. लिम्नोक्निडा इंडिका हे त्याचं नाव. पुढं १९४६ साली आघारकरांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी उभी केली, तिची संशोधन संस्था आज त्यांच्याच नावानं चालते. मालवणचा माणूस साताऱ्यात येऊन आमच्या पाण्यात वाकून बघतो, आणि आम्ही साताऱ्याहून मालवणला जाऊन त्याच्या पाण्यात धिंगाणा घालतो. वेण्णेच्या पुलावरून निर्माल्याची पिशवी गाठ मारून फेकणारा हात आमचाच असतो.

इथं आलं की मन एक भव्य कबुली रचू लागतं. कृष्णा महाबळेश्वरी उगवते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रात जातं. म्हणजे साताऱ्याचं पाणी दोन्ही समुद्रांना पोचतं. उसाला टाकलेला युरिया, मळीमिश्रित पाणी, सांगलीच्या शेरीनाल्याचं सांडपाणी, सगळं त्यात मिसळतं. खतांनी भरलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात जेलीफिशचं फावतं, हेही खरं. तेव्हा मला डसणारा झार मीच पोसला, असं म्हणून मान खाली घालावी! ऐकायला फार छान वाटतं. पण माझा त्यावर विश्वास नाही. मध्ये अलमट्टी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. माझ्या गोणीभर खताचा हिशेब समुद्रापर्यंत कोण नेणार? आणि कुणी नेणार नाही म्हणूनच ही कबुली मला आवडते. तिचं बिल येत नाही.

शेरीनाल्याचं बिल मात्र सांगलीतच येतं. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा तो बघायला समुद्रापर्यंत जावं लागत नाही. आणि त्या पोराच्या पोटरीवरचे वळ तर हाताच्या अंतरावर असतात. एवढं जवळचं दिसायला लागलं की माझं मन लगेच हवामानबदल, जागतिक महासागर अशा दूरच्या गोष्टींवर बोलू लागतं. माझी तक्रार माझ्याविषयी ही एवढीच आहे. मी निर्दय नाही, बेफिकीरही नाही. माझी काळजी माझ्या कातडीच्या काठापर्यंत येते आणि तिथून थेट साऱ्या पृथ्वीवर उडी मारते. मधला जो माणूस हात धरून उभा असतो, तो वगळला जातो.

तेव्हा येत्या हिवाळ्यात घाट उतरणार असाल तर एवढं करा. बोटीत चढण्याआधी माणसं मोजा आणि जॅकेटचे बंद ओढून बघा. दम लागला तर तरंगत्या रिंगेला धरा, प्रवाळावर पाय टेकू नका. पाण्यात घेऊन जाणाऱ्या पोराला पूर्ण बाह्यांचा पोशाख आहे का, हे त्याच्या मालकाला विचारा, पैसे देण्याआधी विचारा. आणि तो पोरगा झार आहे म्हणाला, तर त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघा, आगाऊ दिलेले पैसे त्याच्याकडून परत मागू नका.