वर्गातल्या बघ्यांविषयी

चि. ओंकार,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवरच बोलले असते, पण हे तुला पुन्हा वाचता यावं म्हणून लिहायला बसले.

तुमच्या नववीत नवा आलेला तो मुलगा धडा वाचताना अडखळतो, म्हणून त्याचं नाव 'बफरिंग' पडलं. बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकांवरून 'प-प-प' सुरू होतं. आता त्याच्या अर्धवट उघड्या तोंडाच्या फोटोचं स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर फिरतंय. आणि तू म्हणतोस, "आत्या, मी काहीच केलं नाही. नुसता हसलो. सगळेच हसले."

त्या सगळ्यांविषयीच मला बोलायचंय.

अडखळणारा मुलगा मठ्ठ नसतो, भित्राही नसतो. पुढचा शब्द कोणता हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तो फक्त तोंडातून सुटत नाही. लोक टक लावून बघायला लागले, घाई करायला लागले की तो आणखी अडकतो. म्हणजे आज तुम्ही हसलात की उद्याचं वाचन त्याला जास्त जड जाणार, आणि नकला करणाऱ्यांना नवा माल मिळणार. तुझं हसणं कुठे जाऊन पोचतं ते बघ.

नॉर्वेत १९८२ साली शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने शाळांमध्ये मोहीम काढली. डॅन ओल्वेउस हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा या कामात अग्रभागी होते. मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि ज्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातं अशाला दिलेला त्रास, असं त्यांनी छळाचं स्वरूप मांडलं. 'आम्ही गंमत करतो' म्हणणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी लावून बघ.

पुढे फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात 'कीवा' नावाचा उपक्रम तयार झाला. त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला भाव हवा असतो आणि तो वर्ग देतो. कॅनडात संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवरचं पोरांचं वागणं कॅमेऱ्याने टिपलं. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडणारी थोडी. पण कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ १० सेकंदांत थांबला. तुम्ही त्या मुलांपेक्षा मोठे आहात, तुमच्यात हिशेब जास्त गुंतागुंतीचे असतात, हे मला कळतं. तरी हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

आता तू काय करायचंस? मारामारी मुळीच नको. ग्रुपचा ॲडमिन तूच आहेस ना? आधी स्क्रीनशॉट काढून ठेव, मग ते स्टिकर सगळ्यांसाठी डिलीट कर आणि एवढंच लिही : 'हे इथे नको.' भाषण देऊ नकोस. वर्गात नक्कल सुरू झाली की तुझी मान वहीत असू दे, आणि जमेल त्या दिवशी 'बस कर रे' म्हण. तू कबड्डीच्या संघातला, पोरं तुझं ऐकतात. 'कीवा'तसुद्धा शिक्षक वर्गात वजन असलेल्या दोन-चार मुलांनाच बोलावून त्या एकट्या पडलेल्याला साथ द्यायला सांगतात. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा घेऊन बस. तो बोलत असताना त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. तो करेल.

बाईंना सांगायलाच हवं. 'चुगलखोर' म्हणतील ही तुझी भीती खोटी नाही, म्हणून एकटा जाऊ नकोस, दोघं-तिघं मिळून जा. त्याआधी त्या मुलाला विचार. त्याच्या पाठीमागे त्याची गोष्ट चव्हाट्यावर नको. तो नको म्हणाला आणि छळ चालूच राहिला, तरी सांगा, फक्त काय सांगणार ते त्याला कळू दे. कधी, कुठे, कोण, हे लिहून न्या. तास संपल्यापासून पुढचे सर येईपर्यंतची चार मिनिटं, सायकल स्टँड, मुलांचं स्वच्छतागृह : शिक्षकांची नजर नसते तिथेच हे चालतं, आणि त्या जागा तुम्हालाच माहीत असतात. बाईंना एक विनंती कर, त्याला आणि छळणाऱ्याला समोरासमोर उभं करून 'हात मिळवा' म्हणू नका. बऱ्याच शिक्षकांना ती सवय असते. भांडण दोघांचं असतं, तेव्हा ते ठीक. इथे एकटा मुलगा त्रास सोसतोय, त्याच्याकडून समझोता कसला करून घेता? प्रत्येकाशी वेगवेगळं बोलावं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारावं.

तो शाळा बुडवायला लागला, डबा तसाच परत न्यायला लागला, किंवा 'मी नसलेलंच बरं' असं काही बोलला, तर बाईंची वाट बघू नकोस. त्याच दिवशी घरच्या मोठ्या माणसाला सांग. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आहे. दोन्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

बाई काय म्हणाल्या ते कळव. आठवड्याभरात काही हललं नाही, तर मी तुझ्या बाबाला मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यायला सांगणार आहे. अर्जाची तारखेसह पोच घ्यायची, हेही त्याला सांगेन.

तुझी,
आत्या